यादीतलं शेवटचं नाव

विष्णू, तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. आता घरी कुणी येत नाही. पहिल्या आठवड्यात ओट्यावर चपला काढायला जागा नव्हती. येईल तो आईला म्हणायचा, पोरानं गावाचं नाव काढलं. मग माझ्याकडं वळून म्हणायचा, बहीण असावी तर अशी, बापामागं बाप झाली त्याला. मी मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, रडतीय.

मी रडत नव्हते, भीत होते. आता कुणीतरी विचारेल, असं सारखं वाटायचं.

तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं, ते आज लिहायला बसले आहे. उचगावात आता ते सगळ्यांना ठाऊक झालंय. फक्त तुला एकट्याला ठाऊक नाही.

आबा गेले तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. फौजेच्या भरतीत पास झाला होतास, छाती, धावणं, सगळं. हजर होण्याचा कागद आबांच्या दिवसांतच आला. मी तेव्हा सासर सोडून परत आलेली, फौंड्रीच्या ऑफिसात टायपिंगला नुकतीच लागलेली. तुझे दोन्ही हात धरून मी म्हणाले होते, "तू गेलास तर या घरात दोन बायकाच उरतील, विष्णू." आणि मोठ्यानं रडले होते. त्या रडण्यात खरं किती आणि तुला अडवायचं म्हणून किती, ते मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर फौंड्रीत आलास आणि वाळूत गुडघे टेकून साचे भरायला लागलास.

त्यावरून तू मला कधी एक शब्द बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं. आपल्या गल्लीत सुट्टीवर आलेला फौजी दिसला की तू वाट बदलून घरी यायचास, ते मी बघायची.

मग दोन वर्षांनी तू टेरिटोरियल आर्मीत नाव घातलंस. वर्षातले दोन महिने अंगावर वर्दी, बाकीचे दहा महिने ज्याचा त्याचा धंदा, रविवारी तेवढी परेड. तुझ्याबरोबर शिवाजी पेठेतला दस्तगीर होता. तो शिंपी, तू मोल्डर. दोघं सायकलीवरून टेकडीवरच्या कॅम्पात जायचात. मला ते पसंत पडलं. वाटलं, तुझी हौसही भागली आणि तू घरातही राहिलास. फौंड्रीच्या मालकांनीही कधी कुरकुर केली नाही. ते स्वतः मोल्डर होते पूर्वी, उजव्या हातावर भाजल्याचा केवढा डाग आहे त्यांच्या. म्हणायचे, "दोन म्हयने न्या की. पर माझा मोल्डर हाय तसा परत आणून द्या."

पण कट्ट्यावरची पोरं तुला "दोन म्हयन्याचा फौजी" म्हणायची. "काय पावणं, बंदूक खरी देत्यात का लाकडाची?" तू त्यांच्याबरोबर हसायचास. आणि घरी येऊन अर्ध्या भाकरीवर उठायचास.

गेल्या वर्षी लंकेत आपली फौज उतरली, तेव्हाची गोष्ट. रविवारची परेड करून तू आलास, बूटसुद्धा काढले नाहीस, थेट चुलीपुढं येऊन उभा राहिलास.

"आक्का, आज विचारलं आमाला. लंकेला कोण जातंय म्हणून."

"हुकूम आहे?"

"न्हाई. सुभेदारसाहेब म्हणाले, सक्ती कुणावर न्हाई. ज्याला जायाचं त्यानं आपल्या खुशीनं नाव द्यायचं."

"मग जायचं कशाला?"

"खुशीनं हाय म्हणूनच की."

मग तू मला सगळं समजावून सांगितलंस, शाळेत पाढे म्हणायचास तसं, एका दमात. नाव द्यायचं, घरच्यांच्या संमतीचा कागद द्यायचा, डॉक्टरी तपासणीत पास व्हायचं, आणि जिथं नोकरी आहे तिथल्या मालकाचं ना-हरकत पत्र आणायचं. ज्याच्या चारही गोष्टी पुऱ्या होतील तसं त्याचं नाव यादीत चढणार, शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत. पाचला यादी बंद.

मी आईकडं बघितलं. ती सुपात जोंधळे पाखडत होती. मला वाटलं, ती एक हंबरडा फोडेल आणि विषय मिटेल. तिनं सूप खाली ठेवलं आणि अंगठा पुढं केला. "आण तो कागुद," म्हणाली. मी ओरडले तिच्यावर. तर मला म्हणाली, "शालन, एकदा अडीवलाय त्याला आपण. दर वक्ताला अडवायचं न्हाई."

त्या घरात त्या दिवशी मी एकटी पडले, विष्णू. तुम्ही दोघं एका बाजूला आणि मी एका बाजूला. राग मला तुझा नव्हता, आईचा होता.

मंगळवारी सकाळी तू ऑफिसच्या दारातून डोकावलास आणि म्हणालास, "आक्का, तेवढं पत्र टाईप करून घे की." मी टाईप केलं. सदर कामगारास परदेशी सेवेसाठी सोडण्यास आमची हरकत नाही. मालकांनी चष्मा लावून वाचलं आणि तिथंच सही ठोकली. "जाऊ दे पोराला," म्हणाले. "परत आला की त्याची जागा त्याला. असं पण लिव्ह खाली." मी तेही लिहिलं. शिक्का मारला. त्यांच्या हातातून घेतलं.

आणि माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या आवकजावक वहीखाली ठेवून दिलं.

तेव्हा मी काही ठरवलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत देऊ म्हटलं. सुट्टीत तू आलास, तोंडाला काजळी, दात तेवढे पांढरे. "केली का सही?" आणि माझ्या तोंडून गेलं, "न्हाई अजून." एवढंच. ते तोंडातून गेल्यावर मग ते परत घेता येईना.

बुधवारी तू तपासणीत पास झालास. संध्याकाळी विचारलंस, "मालक काय म्हणत्यात?" मी म्हणाले, "बघतो म्हणालेत." गुरुवारी विचारलंस. शुक्रवारी तू विचारलं नाहीस, नुसता दारात उभा राहून माझ्याकडं बघत राहिलास, आणि मी टाईपरायटरवर मान घालून कसलं तरी जुनंच पत्र परत बडवत बसले. मालक दोन हातांवर बसलेले. त्यांनी वर बघितलं, तुला बघितलं, मला बघितलं. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कसला तरी सुगावा लागला असणार.

मी फक्त शनिवारचे पाच वाजायची वाट बघत होते. पाच वाजले की यादी बंद होईल, तू चार दिवस चिडशील, मालकांना शिव्या देशील, आणि पुन्हा वाळूत बसशील. तुझं आयुष्य मी एवढं सोपं करून टाकलं होतं.

शनिवारी चारच्या सुमाराला तू आत आलास. आलास म्हणजे दार भिंतीवर आदळलं. मागं दादू मिस्त्री आणि आठदहा कामगार.

"माझं पत्र का अडीवलंय तुमी?"

मालकांनी चष्मा काढला.

"पाच दिवस झालं, रोज इचारतोय. नको म्हणायचं असंल तर त्वांडावर म्हणा की! तुमाला फकस्त हात पायजेत मोल्डिंगला. माणूस न्हाई पायजे. हात जातील म्हणून भ्या वाटतंय तुमाला."

तुझ्या मानेची शीर फुगली होती. पुढं तू जे बोललास ते मी इथं लिहीत नाही. बापाच्या वयाच्या माणसाला कुणी तसं बोलत नाही. मालक ऐकून घेत होते. आणि तू बोलत असताना त्यांनी हळूच मान वळवून माझ्याकडं बघितलं.

माझी बोटं टाईपरायटरवर होती, विष्णू, पण एकही कळ दाबली जात नव्हती. तो खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मालकांनी तो खणही बघितला, असं मला वाटलं. आता सांगणार, मी म्हटलं. आता सगळ्यांदेखत सांगणार.

ते म्हणाले, "व्हय बाबा. राहिलं खरं माझ्याकडनं. कागुद कुठं ठेवला ते बी ध्यानात न्हाई. शालन, दुसरा टाईप कर. बिगी कर, पोराला पाचाच्या आत पोचायचंय."

मी दुसरं पत्र टाईप केलं. तुझ्या नावातलं अक्षर चुकलं, खोडून परत मारलं. तू माझ्या खुर्चीमागं उभा होतास, तुझा श्वास मला मानेवर लागत होता. मालकांनी सही केली. तू त्यांच्या हातातून कागद जवळजवळ हिसकावून घेतलास आणि सायकलीवर टांग टाकून गेलास. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले. पाचला दहा कमी असताना तू पोचलास, असं दस्तगीरनं पुढं सांगितलं. सुभेदारसाहेब यादीखाली रेघ ओढत होते. त्यांनी रेघेच्या वर तुझं नाव बसवलं. शेवटचं.

कामगार गेल्यावर ऑफिसात आम्ही दोघंच राहिलो. मालक एवढंच म्हणाले, "पहिला कागुद फाडून टाक, शालन." मी फाडला. त्यांनी मला कधी, पुढंसुद्धा, का म्हणून विचारलं नाही.

तू मद्रासहून बोटीनं गेलास. त्यानंतरचे महिने आम्ही कसे काढले ते तुला कधी सांगितलं नाही, तू परत आल्यावर सांगायची गरज वाटली नाही. रेडिओच्या बातम्यांत लंका हा शब्द आला की आई पीठ मळायची थांबायची. परात तशीच, हात तसेच. बातमी संपली की मला विचारायची, "आपल्यातलं कोण हाय का त्यात?" मी म्हणायची, "नावं सांगत नाहीत गं." पोस्टमन आपल्या गल्लीत वळला की मी त्याच्या हाताकडं आधी बघायची, कार्ड आहे का तार.

तुझी पत्रं यायची. जेवण बरं आहे, नारळ लई आहेत, दस्तगीर दुसऱ्या ठिकाणी आहे, भेट होत नाही. आणि दर पत्रात खाली एक ओळ असायची. मालकाला सांग, मी परत आलो तरी त्याच्या दारात पाय ठेवणार न्हाई. मी ती पत्रं आईला वाचून दाखवायची, ती ओळ गाळून.

एकदा मी तुला सगळं खरं लिहिलं. दोन पानं भरून. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. तिथं उभी राहून मला वाटलं, हा तिथं बंदूक घेऊन उभा असणार. हे वाचून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही तर? मी परत आले. कारण चांगलं होतं. माझ्याकडं दर वेळेला चांगलंच कारण असायचं.

तू परत आलास तेव्हा आईनं तुला ओळखायच्या आधी तुझ्या बुटांचा आवाज ओळखला. काळा पडला होतास, गालफडं बसली होती. पण तू उभा कसा राहायचास! कट्ट्यावरची पोरं आपणहून उठून तुला जागा देत होती. "कसं काय, फौजी," म्हणत होती, आणि त्यात चेष्टा नव्हती. मी लांबून बघत होते आणि मला पहिल्यांदा कळलं की तुला काय हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चहा पिताना मी मुद्दाम खोचून बोलले. "झालं का समाधान आता?"

तू कप खाली ठेवलास. "आक्का, तिथं एका पुलावर माझी ड्युटी होती. पलीकडं एक घर. एक म्हातारी रोज सकाळी भिंतीवर शेणी थापायची, आपल्या आईसारखीच, त्योच हात, तशीच वाकून. आनि मला बघितलं की तशीच शेण टाकून आत जायची, दार लावून घ्यायची. चार म्हयनं. मी कवा बंदूक रोखली न्हाई, बोललो न्हाई. तरी बी रोज दार लावायची."

"मग?"

"मग काय. मी खरा फौजी व्हायला गेलतो. आनि एका म्हातारीला भ्या घालून आलो."

"मग गेलास कशाला? मी सांगत होते ना!"

"गेल्याबिगर हे कळलं असतं व्हय?"

पण मी वाद सोडला नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी म्हणाले, "असलं कळायला एवढ्या लांब जायची गरज नव्हती." तू म्हणालास, "तुला बाई कशाचीच गरज नसती. समदी घरात बसलेली दिसली की झालं तुजं." तू हसत बोललास, पण ते खरं होतं. तो वाद तिथंच राहिला. आई आंघोळीचं पाणी काढलं म्हणून हाक मारायला आली.

आठव्या दिवशी तू वर्दी नाही, साधा सदरा घातलास आणि म्हणालास, "मालकास्नी भेटून येतो."

मी हातातलं सोडून उभी राहिले. "कशाला?"

"लई बोललोय मी त्यांना. तिथं रोज आठवायचं. पत्र द्यायचं राहिलं आसंल माणसाकडनं. शेवटी दिलंच न्हवं त्यांनी? दोन म्हयनं दरसाल सोडत होता माणूस. पाय धरून येतो."

विष्णू, तू गेला असतास तर मालकांनी तुला सांगितलं नसतं, हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "मालक गावाला गेलेत. दोन दिवसांनी येतील." मालक तेव्हा फौंड्रीतच होते, इथून दहा मिनिटांच्या वाटेवर. तू सदरा काढून खुंटीला लावलास.

नवव्या दिवशी तुला थंडी वाजून आली.

आम्हाला वाटलं, दमणूक आहे. तीन गोधड्या घातल्या, काढा दिला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तू भाकरीसुद्धा खाल्लीस. तिसऱ्या दिवशी सकाळी तू मला ओळखेनास. रिक्षातून कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळे उघडून बघितले आणि विचारलं, "हे कुठं होते गेले काही महिने?" मी सांगितलं. ते म्हणाले, तिकडचा हिवताप आहे, मेंदूत गेलाय.

तिथं दुसऱ्या दिवशी तुला थोडा वेळ शुद्ध आली. तू म्हणालास, "आक्का, मालक आलं का गावास्नं?" मी म्हणाले, "उद्या येतील." तू डोळे मिटलेस. त्याच वेळी सांगायचं होतं मी. आई तुझ्या उशाशी बसलेली होती म्हणून मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

असं मी तुला तीनदा अडवलं. पहिल्यांदा रडून, दुसऱ्यांदा चोरून, आणि तिसऱ्यांदा तर तू नुसता कुणाची माफी मागायला चालला होतास.

दहाव्या दिवशी दस्तगीर आला. आईच्या पायांवर डोकं ठेवून लेकरासारखा रडला. ओट्यावर दादू मिस्त्री आणि फौंड्रीतली सगळी बसलेली. दस्तगीर डोळे पुसत बोलत होता, त्याच्या मनात काही नव्हतं. "बोटीतनं उतरल्यावर आमचे दोन भाग केले. यादीतली वरची नावं बंदरावर ठेवली, सामान उतरवायला. पंखे, मच्छरदाण्या, समदं हुतं आमाला. खालची नावं आत गेली, जंगलातल्या रस्त्यावर. इष्णूचं नाव शेवटचं. त्याला मंगळवारी पत्र मिळालं असतं तर माझ्या जवळच राहिला असता, आक्का. त्या मालकानं पाच दिवस घालवलं."

दादू मिस्त्री उठला, चपला घातल्या आणि गेला. त्याच्या मागं बाकीचे गेले. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. तुला मी घरात ठेवायला बघत होते, आणि मीच तुला त्या जंगलात नेऊन सोडलं होतं.

मी कामावर परत गेले त्या सोमवारी भट्टी पेटली नव्हती. कामगार फाटकाबाहेर बसलेले. मला बघून बाजूला झाले, एकदोघांनी हात जोडले. आत मालक एकटे होते.

मी म्हणाले, "मालक, तुम्ही खरं सांगा की त्यांना."

"काय सांगू? पोरगं गेलंय. तुझ्या घरात तू आणि तुझी म्हातारी. उद्या गावात कसं ऱ्हाणार? माझं काय, चार दिवस शिव्या खाईन."

मंगळवारी तसंच. बाहेरून घोषणा नाहीत, काही नाही, नुसती माणसं बसलेली. त्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटत होती. बुधवारी सकाळी ऑफिसच्या खिडकीवर दगड आला. काच फुटली, मालकांच्या कपाळाला लागली, तुकडे माझ्या टाईपरायटरमध्ये पडले. मालक रुमालानं कपाळ दाबून म्हणाले, "पोलिसाला बोलवायचं न्हाई. त्यांचं माणूस गेलंय." रक्त त्यांच्या भुवईवरून खाली येत होतं.

मी उठून बाहेर गेले. फाटकाजवळ उभी राहिले आणि म्हणाले, "पत्र मालकांनी अडवलं न्हाई. मी अडवलं."

कुणाला कळलंच नाही. दादू मिस्त्री म्हणाला, "काय बोलतीस?"

"मालकांनी मंगळवारीच सही केली होती. मी खणात लपवून ठेवलं. विष्णू जाऊ नये म्हणून. शनिवारी त्यानं शिव्या दिल्या तेव्हा मालकांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. तुम्ही सगळे तिथं होता."

"तुला मालकानं शिकीवलं हे?" मागून कुणीतरी म्हणालं. "म्हातारीला काय देतो म्हणाला?"

तेवढ्यात मालक आतून आले. कपाळाला रुमाल तसाच. "शालन, आत जा! गप! आत जा म्हणतो न्हवं तुला!" इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. ते धावत येऊन माझ्या आणि कामगारांच्या मध्ये उभे राहिले.

दादू मिस्त्री त्यांच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "इष्णूनं तुमच्या तोंडावर थुंकायचं तेवढं शिल्लक ठेवलतं. तवा तरी बोलायचं व्हतं."

"तवा बोललो असतो तर भाऊ-बहीण तुटली असती," मालक म्हणाले. "त्यो कुठं चालला हुता, ठाऊक न्हाई व्हय तुला? असलं डोक्यात घिऊन पाठवायचा त्याला?"

एकेक जण उठून आत गेला. दुपारनंतर भट्टी पेटली. तेव्हापासून मी रोज कामाला जाते. माणसं मला वाट सोडतात, बोलत नाहीत. दस्तगीर येऊन गेला. त्याला सगळं कळलं होतं. म्हणाला, "आक्का, यादीचं तसंच असतंय असं न्हाई. वरचे कुणालाबी कुठंबी टाकत्यात." दस्तगीरला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. बोलताना तो जमिनीकडं बघत होता.

आईला मी सांगायच्या आधीच गल्लीनं सांगितलं होतं. मी घरात आले तेव्हा ती भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, "मला सांगायचं हुतंस. मी तुला दोन मुस्काडात दिल्या असत्या आनि कागुद त्याच्या हातात दिला असता." मग दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एक गोष्ट विचारते. मंगळवारी किती वाजता सही झाली. खण कुठला. शुक्रवारी तू दारात उभा राहिलास तेव्हा डोक्याला फडकं होतं का. मी सांगते. ती ऐकते आणि आपल्या कामाला लागते. मला ते शिक्षेसारखं वाटायचं. आता वाटतं, तुझं जे जे माझ्याकडं आहे ते ती काढून घेतीय, आणि ते तिचंही आहे.

तू माफ केलं असतंस का, ते मी विचारत नाही. तू केलं असतंस, तुझा तेवढाच दोष होता. पण आधी तू माझ्यावर ओरडला असतास, शनिवारी मालकांवर ओरडलास तसा, मानेची शीर फुगवून. ते ओरडणं माझ्या वाटणीचं होतं, विष्णू. मी ते दुसऱ्या माणसाच्या अंगावर जाऊ दिलं आणि बसून ऐकलं.

आज सकाळी आईनं विचारलं, "कागुद घिऊन पळाला तवा तुला काय म्हणाला का न्हाई?"

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. फाटकापाशी सांगितलं नाही, दस्तगीरला सांगितलं नाही. तू सायकलीवर बसायच्या आधी ऑफिसच्या खिडकीशी आला होतास. गजातून हात घालून माझ्या खांद्यावर ठेवलास. काजळीचा पंजा उमटला होता माझ्या पातळावर.

"म्हणाला," मी म्हणाले.

"काय?"

"आक्का, तू हुतीस म्हणून झालं."

आईनं हातातलं खाली ठेवलं. मग जागेवरून सरकली, माझ्याशेजारी येऊन बसली, आणि म्हणाली, "आनि एकदा सांग."

मी परत सांगितलं.